पहिल्या तासाला नियमांची यादी नको

तुम्ही पहिल्यांदाच मुलांना इंटरनेटबद्दल शिकवणार आहात, तर 'हे करू नका, ते करू नका' इथून सुरुवात करू नका. मुलं माना डोलावतात आणि घरी जाऊन तेच करतात. मी फळ्यावर चित्र काढते: गणवेशातली मुलगी, मागे घराची पाटी, भिंतीवर घड्याळ. 'हा फोटो अनोळखी माणसाने पाहिला तर त्याला काय काय कळेल?' शाळा, पत्ता, घरी असण्याची वेळ, सगळं मुलंच शोधून काढतात. मग वर्ग एकदम गप्प होतो. फोटोच्या फाइलमध्ये तो कुठे काढला याची नोंदही असू शकते, हे तेव्हाच सांगा.

पासवर्डवर फार वेळ घालवू नका. लांब हवा, प्रत्येक खात्याला वेगळा हवा, जिवलग मैत्रिणीलाही सांगायचा नाही, बस्स. वेबसाइटच्या पत्त्याशेजारचं कुलपाचं चिन्ह दिसलं की साइट खरी, हा समज मात्र जरूर मोडा. माहिती वाटेत कुणी वाचू शकत नाही, एवढाच त्याचा अर्थ. फसव्या साइटलाही कुलूप असतं.

कुणी त्रास दिला तर उत्तर द्यायचं नाही, पुरावा ठेवायचा, ब्लॉक करायचं आणि विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगायचं. अडतं ते या शेवटच्या पायरीवर. मोबाइल काढून घेतील या धास्तीने मुलं बोलतच नाहीत. एक मुलगा माझ्याकडे तीन आठवड्यांनी आला, तोही वही द्यायच्या निमित्ताने. मी आधी एवढंच म्हटलं, 'सांगितलंस ते बरं केलंस.' पालकसभेत हे वाक्य पालकांकडूनही म्हणवून घ्या.