लेबल खरवडलेली डबी

'मावशी, माझा नवरा जहाजावर असतो. सहा-सात महिन्यांनी घरी येतो. मी नको म्हटलं तरी ऐकत नाही, निरोधचं नाव काढलं की हात उगारतो, माहेरी पाठवीन म्हणतो. चवथीला आला तेव्हा त्याच्या बॅगेत गोळ्यांची डबी दिसली, लेबल खरवडलेलं. सासूबाई म्हणतात, घोवाक ना म्हणूंक फावना, नवऱ्याला नाही म्हणू नये. मला एचआयव्ही झाला असेल का? इथल्या आरोग्य केंद्रातली नर्स आमच्या नात्यातली आहे.'
– एक वाचक, डिचोली तालुका

बाय,

त्या डबीवरून मी काहीच सांगू शकत नाही. गोळ्या रक्तदाबाच्याही असतील. एचआयव्हीच्या निघाल्या, आणि तो त्या नेमाने घेऊन रक्तातला विषाणू चाचणीत सापडेनासा झाला असेल, तर शरीरसंबंधातून लागण होत नाही. पण हे तू ओळखत बसायचं नाहीस, आणि रात्री एकटीने त्याला डबीचा जाबही विचारायचा नाहीस. तपासणी तुझी करायची.

नात्यातल्या नर्सकडे नको, सरळ बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात जा. तपासणी फुकट होते, आधी समुपदेशक बोलतो. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानुसार तुझ्या संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि निकाल गावभर करता येत नाही. (१९८९ मध्ये डॉमनिक डिसोझांना एचआयव्ही निघाला म्हणून म्हापशात डांबून ठेवलं होतं. आमच्या पिढीची माणसं अजून दबक्या आवाजात 'तो रोग' म्हणतात, ते त्या दिवसांपासून.) निकाल निगेटिव्ह आला तरी शेवटच्या संबंधानंतर तीन महिन्यांनी पुन्हा तपास, नवी लागण लगेच दिसत नाही. पॉझिटिव्ह आला तर सरकारी औषधं मोफत आहेत.

त्याने पुन्हा जबरदस्ती केली तर ७२ तासांच्या आत, जमलं तर त्याच दिवशी, इस्पितळ गाठ. लागण टाळायच्या गोळ्या मिळतात, २८ दिवस घ्यायच्या असतात. चवथीच्या वेळची मुदत गेली, तिची हळहळ करू नकोस.

सासूबाईंचं वाक्य वाचून मी तडकले. मग वाटलं, तिला तरी तिच्या काळात कोणी विचारलं होतं? पण जबरदस्तीत आतली नाजूक त्वचा सोलवटते आणि विषाणूला वाट मिळते. बाईने उंबरठा ओलांडला नसला म्हणून ही वाट बंद होत नाही.

कायद्याबद्दल खोटी आशा दाखवत नाही. अठरा वर्षांवरच्या बायकोवर नवऱ्याने केलेली जबरदस्ती फौजदारी कायदा अजून बलात्कार मानत नाही. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा मात्र तिला हिंसाच म्हणतो, आणि राहत्या घरातून तुला असं बाहेर काढता येत नाही. १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन कर. शिवाय तुमचं लग्न गोव्यात नोंदलेलं असेल आणि आधी वेगळा करार झाला नसेल, तर आपल्या नागरी कायद्याने मालमत्तेत सहसा निम्मा वाटा तुझा. 'माहेरी पाठवीन' म्हणणाऱ्याला हे बहुधा ठाऊक नसतं.

घरी काय सांगायचं? बांबोळीलाच दंत महाविद्यालय आहे. दाढ दुखते म्हण.