नेपथ्याचे शिक्षण आणि व्यवसाय : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी साताऱ्यात बारावीत शिकते. चित्रकलेत हात चांगला आहे आणि नाटकाची ओढ आहे. नेपथ्यकार व्हायचे असेल तर कला महाविद्यालयात जावे की नाट्यशास्त्राच्या अभ्यासक्रमाला?

उत्तर : आपल्याकडे नेपथ्य हा विषय बहुतेक ठिकाणी नाट्यशिक्षणाचा एक भाग म्हणून शिकवला जातो. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नाटकाचे पदवी आणि पदव्युत्तर असे दोन्ही अभ्यासक्रम आहेत, तर मुंबई विद्यापीठाच्या नाट्यकला अकादमीत पदवीनंतर प्रवेश घेता येतो. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा असून दुसऱ्या वर्षापासून अभिनय किंवा रंगतंत्र, आकल्पन (डिझाइन) व दिग्दर्शन यांपैकी एका शाखेकडे वळता येते. मात्र तेथेही पदवी हवी आणि नाटकात प्रत्यक्ष काम केल्याचा अनुभव हवा. तुमचा हात आधीच चांगला असेल तर मी नाट्यशास्त्राकडेच बोट दाखवीन. रेखाटनाचा सराव घरीही होतो. पण संहितेचे वाचन, तालमीतील हालचालींची बांधणी आणि प्रकाशयोजना या सगळ्यांच्या मध्ये राहून नेपथ्याचा विचार करण्याची संधी वर्गाबाहेर सहसा मिळत नाही.

प्रश्न : मी नाशिकला अंतर्गत सजावटीचा अभ्यासक्रम करतो. हौशी संघासाठी संगणकावर दिवाणखान्याचे सुंदर त्रिमितीय चित्र करून दिले, परंतु नटांना वावरायला जागा उरत नाही, असे दिग्दर्शकांचे म्हणणे पडले. माझे कोठे चुकते?

उत्तर : खोली सजवताना आपण तिच्यात राहणाऱ्याचा विचार करतो, रंगमंचावर मात्र तीच खोली एकाच बाजूने, दूर बसलेल्या शेकडो माणसांना पाहायची असते. संगणकावरचे चित्र बहुधा सभागृहाच्या मधोमध, सोयीच्या उंचीवर बसलेल्या एकाच प्रेक्षकाचे असते. म्हणून प्रथम नाट्यगृहात जाऊन टेप धरा. रंगमंचाच्या दर्शनी भागाची रुंदी व उंची, विंगांची जागा आणि पहिल्या रांगेतील दोन्ही टोकांच्या खुर्च्यांचे अंतर मोजून कागदावर आराखडा काढा आणि त्या खुर्च्यांपासून रंगमंचाकडे रेषा ओढा. त्या रेषांच्या पलीकडे मांडलेले दार किंवा देव्हारा अर्ध्या प्रेक्षकांना दिसणारच नाही. बाल्कनीच्या शेवटच्या रांगेसाठी हीच तपासणी उभ्या छेदात, म्हणजे नाट्यगृह बाजूने कापल्यासारखे दाखवणाऱ्या आराखड्यात करावी लागते.

त्यानंतर पुठ्ठ्याचे मॉडेल करा. एका फुटाला अर्धा इंच हे प्रमाण धरले तर तीस फुटांचा दर्शनी भाग पंधरा इंचांत बसतो आणि साडेपाच फुटांचा माणूस पावणेतीन इंचांचा होतो. अशी पाच-सहा माणसे कापून, दिग्दर्शकांना शेजारी बसवून संपूर्ण पहिला अंक हलवून पाहा. कोच कोठे आडवा येतो, जिन्यावरून नऊवारीतली आजी कशी उतरणार, आतल्या दारातून दोघे एकाच वेळी आले तर काय होईल, हे प्रश्न चित्रात सुटत नाहीत. (छत दाखवण्याचा मोहही टाळावा, वरून येणारा प्रकाश अडतो आणि प्रकाशयोजनाकार मनातल्या मनात शिव्या देतो.)

शिवाय आपले नाटक फिरते. तुमचा दिवाणखाना टेम्पोत बसला पाहिजे आणि एका सत्राचा प्रयोग संपल्यावर दुसऱ्या नाट्यगृहात थोड्या वेळात उभा राहिला पाहिजे. प्लायवूडचा तक्ता आठ फूट बाय चार फुटांचा मिळतो, तेव्हा फ्लॅटची, म्हणजे भिंतीसाठी उभ्या करायच्या सुट्या चौकटींची मापे त्या हिशेबाने ठरवली तर लाकूडही वाया जात नाही आणि उचलायलाही सोपे जाते. भिंत अजिबात न उभारण्याचा पर्यायही डोळ्यांपुढे असू द्या. १९७२ साली रंगमंचावर आलेल्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये ब्राह्मणांच्या रांगेचाच पडदा झाला होता आणि तो हलत होता, गात होता.

प्रश्न : मुलगा नेपथ्याच्या मागे लागला आहे. यावर घर चालते का? (कल्याणहून एक पालक)

उत्तर : केवळ नाटकाच्या नेपथ्यावर सुरुवातीच्या काळात घर चालणे अवघड आहे. काम बहुधा नाटकागणिक ठरलेल्या मानधनावर मिळते. नाटकाचे शेकडो प्रयोग झाले तर नेपथ्यकाराला पुढे काही मिळणार का, हे आरंभीच लेखी ठरवून घ्यावे. नंतर तो विषय काढणे दोन्ही बाजूंना जड जाते. आकल्पनाचे मानधन आणि सेट बांधण्याचा खर्च एकाच रकमेत घेऊ नये, कारण लाकूड महागले की कात्री मानधनालाच लागते. मात्र हीच विद्या मालिका, चित्रपट, प्रदर्शने आणि संग्रहालयांच्या मांडणीतही चालते. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये कलादिग्दर्शनाचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. ही वाट नवी नाही. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवीतच चित्रपटांकडे वळले होते. मुलाला पहिली दोन वर्षे एखाद्या अनुभवी नेपथ्यकाराकडे सहायक म्हणून राहू द्या.

प्रश्न : पदवीनंतर लंडनला जाऊन हा विषय शिकण्याचा विचार आहे. तयारी कशी करावी?

उत्तर : तेथे बहुतेक वेळा सेट आणि वेशभूषा यांचे आकल्पन एकच व्यक्ती करते, आपल्यासारखी दोन वेगळी नावे श्रेयनामावलीत नसतात, त्यामुळे कापड, शिवण आणि देहाकृतीचे रेखाटन यांची तयारी येथूनच करून जावे. मॉडेल १:२५ या प्रमाणात, म्हणजे एका मीटरला चार सेंटिमीटर धरून करतात. फुटांची सवय मोडावी लागेल. प्रवेशासाठीच्या चित्रसंचात केवळ देखणी अंतिम चित्रे ठेवू नका. संहितेवरची टिपणे, बाद केलेले कच्चे आराखडे, मॉडेलची छायाचित्रे आणि प्रत्यक्ष प्रयोगातील, नट रंगमंचावर असतानाची छायाचित्रे याच क्रमाने लावा. एकाच नाटकाचा असा संपूर्ण प्रवास दहा नाटकांच्या सुट्या चित्रांपेक्षा परीक्षकांना अधिक काही सांगतो. प्रत्येक कामाखाली दिग्दर्शक व प्रकाशयोजनाकार यांची नावे आणि तुम्ही स्वतः नेमके काय केले, हे स्पष्ट लिहा.