आधी जुना करार वाच

युनियनच्या वतीने व्यवस्थापनाशी वाटाघाटी कशा करायच्या ते शिकायला आलास, चांगलं केलंस. पण लगेच बोलायची घाई करू नकोस. आधी चालू करार घे, कलम न् कलम वाच. ज्या कलमावरून तक्रारी जास्त येतात तिथे खूण कर. पुढच्या मागणीपत्राची सुरुवात तिथूनच होते.

शब्दांकडे डोळ्यांत तेल घालून बघ. ‘जादा काम शक्यतो ज्येष्ठतेनुसार दिलं जाईल’, असं वाक्य आम्ही एकदा मध्यरात्री, थकून, मान्य केलं. त्या ‘शक्यतो’चा अर्थ प्रत्येक पाळीत वेगळा लागला. ज्येष्ठता खात्यातली धरायची की एकूण नोकरीतली, हेही लिहिलं नव्हतं. कितीतरी जणांची हक्काची कमाई गेली आणि ते माझ्या मनाला अजून लागतं. तेव्हापासून प्रत्येक कलम मी बैठकीत नसलेल्या माणसाला वाचायला देतो आणि त्याला काय कळलं ते विचारतो.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची १९४९ ची ९८ आणि १९८१ ची १५४ क्रमांकाची कन्व्हेन्शन, म्हणजे आंतरराष्ट्रीय करार, वाचून ठेव. सामूहिक वाटाघाटींचा पाया त्यांत आहे.

सह्या झाल्या की खरं काम सुरू होतं. तक्रार आली की त्याच दिवशी तारीख, पाळी, साक्षीदार आणि कलम लिहून घे. तक्रार शंभर टक्के खरी असूनही नुसती मुदत टळली म्हणून हरलेली मी पाहिली आहे.

आणि सरावाच्या वाटाघाटीत एकदा तरी व्यवस्थापनाच्या बाजूने बस. वेतनवाढीचा एकूण खर्च तिथून स्वतः मांडून बघ.