'अश्लील'मधली पुसलेली 'श्री'

एका वाचकाचा प्रश्न असा आहे: एका लोकप्रिय गाण्यावरून गदारोळ झाला. बातमीच्या मथळ्यात ते 'विवादित' होतं, खाली 'वादग्रस्त' झालं आणि शेवटी 'अश्लिल'. तिन्हींचा अर्थ एकच का?

पहिले दोन झटपट उरकतो. 'विवादित' चूक नाही, पण 'वादग्रस्त' हाताशी असताना तो हिंदीतून उचलायची गरज नाही. ग्रस्त म्हणजे गिळलेला. ग्रहणातला चंद्र ग्रस्त असतो, तसं वादाने गिळलेल्या गाण्याची चाल, ठेका, गळा कुणाला ऐकूच येत नाही.

आता तिसरा. 'अश्लिल' असा शब्दच नाही! रोज कुठे ना कुठे वाचतो आणि रोज चिडतो. 'अश्लील', ली दीर्घ. शुद्धलेखनाचा हट्ट म्हणून सांगत नाही. त्या दीर्घ ईकारातच शब्दाचं मूळ आहे. जुनं रूप 'अश्रीर'. ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलात गाईंना म्हटलंय, 'अश्रीरं चित् कृणुथा सुप्रतीकम्', म्हणजे रूप नसलेल्यालाही तुम्ही देखणं करता. ज्यात श्री नाही, शोभा नाही, ते अश्रीर. पुढे र चा ल झाला, रोम-लोम किंवा रोहित-लोहित यांत दिसतो तसाच. ऱ्हस्व लि लिहिलीत की श्री पुसली गेली.

काही जाणकार 'अ + शील' अशी फोड देतात आणि वर चारित्र्यावर व्याख्यानही देतात. 'शील'मध्ये श नंतर लगेच ई येते. मग 'श्ली'मधला ल आला कुठून? याचं उत्तर त्यांच्याकडून मला अजून मिळालेलं नाही.

खरी मजा अलंकारशास्त्रात, म्हणजे जुन्या संस्कृत काव्यशास्त्रात आहे. तिथे अश्लील हा काव्यदोष आणि त्याचे तीन प्रकार: लाज आणणारं, किळस आणणारं आणि अमंगल सुचवणारं. विश्वनाथ या काव्यशास्त्रकाराने 'साहित्यदर्पण' या आपल्या ग्रंथात दिलेले शब्द बघा: साधन, वायु, विनाश. एकही शिवी नाही. साधन म्हणजे सैन्य, पण पुरुषाचं लिंगही. वायु म्हणजे वारा, पण पोटातलाही. विनाश म्हणजे तिथे दिसेनासं होणं, पण ऐकणाऱ्याला मरण आठवतं. दोष आहे तो दुसऱ्या अर्थात.

माझं ठाम मत आहे की गाण्यावरचा बहुतेक गदारोळ इथूनच उठतो. कवितेतला श्लेष पानावर गप्प पडून राहतो. गाण्याचं ध्रुवपद मात्र तोंडात बसतं. लहान मूल ते चारचौघांत निरागसपणे म्हणतं, तेव्हा मोठ्यांच्या कानात दुसरा अर्थ वाजतो आणि माना खाली जातात.

तिसरा, अमंगल सुचवणारा प्रकार तर आपण पार विसरलो. 'ग्लूमी संडे' हे मूळचं हंगेरियन गाणं अमेरिकन गायिका बिली हॉलिडेने १९४१ साली इंग्रजीत गायलं. त्यात लाजेचं काही नाही, आहे ती मरणाची ओढ. युद्धाच्या दिवसांत लोकांचं मनोधैर्य खचेल म्हणून बीबीसीने ते शब्दांसह वाजवायला मनाई केली; नुसती चाल चालत होती. बंदी उठली २००२ साली. विश्वनाथाने त्याला बेधडक अश्लील म्हटलं असतं!

तुमच्या बातमीत नेमकी कुठली ओळ खटकली ते दिलंय का? असेल तर तेवढा शब्द कळवा.