देवाचं प्रतिरूप म्हणजे नक्की काय? तुमचे प्रश्न

राजारामपुरीतले एक काका विचारतात: बायबलात देवानं माणूस आपल्या प्रतिरूपात केला म्हणतात, मग देवाला हातपाय हायत काय?

नाही काका. १२व्या शतकातल्या मायमोनिडीस या ज्यू पंडितानं आपल्या ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात हे खोडून काढलंय, त्याच्या मते साम्य शरीराचं नाही, बुद्धीचं. पण 'प्रतिरूप'साठी मूळ हिब्रू शब्द 'त्सेलेम', आणि गंमत बघा, हाच शब्द बायबलात मूर्तीलाही वापरलाय.

मग ज्यू लोक मूर्ती करत नाहीत आणि माणसालाच मूर्ती म्हणतात, हे कसं काय?

हा प्रश्न लई आवडला. जुन्या काळी राजे आपला पुतळा उभा करायचे, म्हणजे इथं सत्ता माझी, आणि बरेच अभ्यासक म्हणतात की 'उत्पत्ती' या बायबलाच्या पहिल्या पुस्तकानं तो मान राजाच्या दगडी पुतळ्याकडनं काढून साध्या माणसाला दिला. हिल्लेल या जुन्या ज्यू गुरुजींची गोष्ट आहे, ते अंघोळीला निघाले, शिष्यांना म्हणाले पुण्याचं काम करायला चाललोय. शिष्य चक्रावले. तर म्हणाले, राजाचे पुतळे घासून पुसून ठेवणाऱ्याला पगार मिळतो, मी तर देवाचं प्रतिरूप, मग माझं अंग धुणं किती मोठं काम! दसरा चौकातला शाहू महाराजांचा पुतळा धुताना बघितलाय ना, तसंच समजा.

हुपरीहून एक ताई: सगळे एकाच देवाचं प्रतिरूप, मग एकसारखे का नाहीत?

ताई, तुम्ही चांदीच्या गावच्या, तुम्हाला चटकन कळेल. मिश्ना नावाच्या ज्यू ग्रंथात म्हटलंय, माणूस एका डायवर, म्हणजे साच्यावर, कितीतरी नाणी पाडतो ती सगळी सेम निघतात, देव पहिला माणूस आदाम याच्या डायवर सगळी माणसं पाडतो आणि एकही दुसऱ्यासारखा निघत नाही. ही गोष्ट येते कुठं, तर फाशीच्या खटल्यात साक्षीदारांना ताकीद देताना, की बाबांनो एक जीव घालवलात तर अख्खं जग घालवलंत.

ख्रिश्चनांचं वेगळं काय?

त्यांच्यात खरं प्रतिरूप येशू, सुरुवातीचा ख्रिश्चन प्रचारक पौल याच्या नावच्या, बायबलातल्या कलस्सैकरांच्या पत्रात तसं आहे. २ऱ्या शतकातल्या इरेनियस या ख्रिश्चन धर्मगुरूनं म्हटलं, आदामाच्या पापानंतर 'प्रतिरूप' राहिलं, 'सादृश्य' गेलं, ते येशूमुळं परत मिळतं. ज्यूंना ही भानगडच मान्य नाही, त्यांच्यात जन्मजात पाप नसतं.

आणि बायका?

उत्पत्ती १:२७ मध्ये 'नर व नारी' स्पष्ट आहे. पण करिंथकरांना, म्हणजे करिंथ शहरातल्या ख्रिश्चनांना, लिहिताना पौलानं पुरुषाला देवाचं प्रतिरूप म्हटलं आणि बाईला पुरुषाचं वैभव, तिथनं शतकानुशतकं वाद चाललाय, ऑगस्टीन हा मोठा ख्रिश्चन पंडितसुद्धा यात अडकला. मला विचाराल तर मी उत्पत्तीच्या ओळीच्या बाजूनं.