बैल बसायच्या आधी जू सोड

बेटा,

रविवारी तू मैदानाच्या कठड्यावर बसली होतीस आणि तुझी माय माझ्याशी बोलत होती. "सर, रिपोर्ट नॉर्मल शे, मंग हाई का बरं उठत नही?" तू खाली मान घालून बुटाची नाडी बोटाला गुंडाळत होतीस, सोडत होतीस, परत गुंडाळत होतीस. माय पाण्याची बाटली भरायला गेली तेव्हा तू हळूच विचारलंस, "सर, मी नाटक तर करत नसेन ना?"

तेव्हा मी नीट उत्तर दिलं नाही, काहीतरी पुटपुटलो. ते मनाला लागून राहिलं, म्हणून हे लिहितोय.

तू नाटक करत नाहीस. हे एकदाच सांगतो, पुन्हा विचारू नकोस.

तुझ्या चिठ्ठीवर इन्फेक्शियस मोनोन्यूक्लिओसिस लिहिलंय. जुने डॉक्टर त्याला ग्लँड्युलर फीव्हर म्हणायचे, गाठींचा ताप. एपस्टाइन-बार नावाच्या विषाणूने होतो. १९६४ साली तो पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली सापडला. जगातल्या दहातल्या नऊपेक्षा जास्त मोठ्या माणसांच्या अंगात तो असतोच. बहुतेकांना लहानपणी होऊन जातो आणि साध्या सर्दी-तापात खपतो. पंधरा ते पंचविशीत पहिल्यांदा गाठलं तर मात्र तो माणसाला आडवा करतो. ताप, घसा, मानेतल्या गाठी दोन-चार आठवड्यांत ओसरतात. थकवा ओसरायला वेळ लावतो. बहुतेकांचा काही आठवड्यांत जातो, काहींचा महिनोन् महिने रेंगाळतो. शिकागोकडे हा आजार झालेल्या ३०१ किशोरवयीन मुलांचा दोन वर्षं मागोवा घेतला होता. सहा महिन्यांनी १३ टक्के मुलं अजून थकलेली होती, वर्षाने ७, दोन वर्षांनी ४. या आकड्यांतून दोन गोष्टी घे. तुझ्यासारखे आहेत, आणि त्यांतले बरेच जण पुढे बरे होत गेले. तुझ्या आजाराचा अजून चौथाच महिना आहे.

आणि रिपोर्ट नॉर्मल आहे म्हणजे तुझं लिव्हर, तुझं रक्त ठीक आहे. थकवा मोजायची तपासणी कुठल्याच लॅबमध्ये होत नाही. एवढं तुझ्या मायला तू सांग, मीही सांगेन.

आता मुद्द्याचं. माझ्या आजोबांकडे खिल्लारी बैलांची जोडी होती. वैशाखात नांगरट असली की पहाटे चारला जू चढायचं आणि दहाच्या आत उतरायचं. शेजारचे लोक अजून दोन तास्या काढायचे. आजोबा जू सोडून बैलांना लिंबाखाली बांधायचे, मग कुणी काही म्हणो. एकदा मी म्हटलं, अजून दमले कुठे आहेत? ते म्हणाले, दमल्यावर सोडलं तर काय सोडलं? एकदा का बैल तासात बसला की शेपूट पिरगाळ, आरू टोच, तो उठत नाही. आणि उठला तरी दुसऱ्या दिवशी कामाचा राहत नाही. बैल बसायच्या आधी जू सोडायचं.

तुझ्या आजाराचं सगळं औषध या एका वाक्यात आहे. बसायच्या आधी सोड.

तू काय करतेस ते मला माहीत आहे, कारण मीही तेच केलं होतं. एखाद्या सकाळी जरा बरं वाटतं. लगेच मनात येतं की आज भरून काढू. चार दिवसांचा अभ्यास, मैदानाला दोन फेऱ्या, मायला भाकरी करू लागणं, सगळं त्या एका दिवसात. त्या दिवशी काही होत नाही, आणि फसगत होते ती इथेच. दुसऱ्या दिवशी, कधी तर तिसऱ्या दिवशी, अंगात शिसं ओतल्यासारखं होतं, घसा परत खवखवतो, पुस्तकातली एकच ओळ चारदा वाचावी लागते. मग चार दिवस अंथरुणात. मग परत एक बरी सकाळ. तुला वाटतं आजार उलटतोय. अगं, तू दर आठवड्याला बैल तासात बसवतेयस!

१९८४ साली मी एकवीस वर्षांचा होतो, शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात, घरापासून लांब, होस्टेलवर. ताप आला, घसा इतका सुजला की थुंकी गिळवेना. आधी टायफॉइड म्हणाले. ॲम्पिसिलिन दिलं आणि तिसऱ्या दिवशी अंगभर लाल पुरळ. या तापात त्या औषधाने असं होतं, हे मला फार नंतर कळलं. एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी रक्ताची काच बघून गाठींचा ताप ओळखला. पाणथरी, म्हणजे डाव्या बरगडीखालची प्लीहा, वाढलीय, महिनाभर मैदानाचं तोंड बघू नको, म्हणाले. बाराव्या दिवशी मी कबड्डीच्या निवड चाचणीला उतरलो. पाणथरी फुटली असती तर आज हे पत्र लिहायला नसतो. ती फुटली नाही, पण मी फुटलो. निवड झाली, आणि पहिल्या सामन्याआधी जिना चढताना दोनदा बसावं लागलं. त्यानंतर दीड वर्ष मी माणसात नव्हतो. पहिल्या वर्षाची परीक्षा बुडाली. घरच्यांनी परत आणलं तेव्हा गावात कुणी म्हणालं पोरगं बिघडलं, कुणी म्हणालं नजर लागली.

बरा कसा झालो ते ऐक. आजोबांनी मला केळीच्या बागेत पाण्यावर बसवलं. काम एवढंच, एक बारं भरलं की दुसऱ्यात पाणी वळवायचं. फावड्याने चार ढेकळं ओढायची आणि खाटेवर येऊन बसायचं. महिनाभर त्यांनी याहून काही करू दिलं नाही. मला रोज वाटायचं, दोन बारी माझ्याकडून जास्त होतील. ते फावडं हातातून काढून घ्यायचे. पुढच्या महिन्यात एक बारं वाढवलं. मला राग यायचा, मी रडलोही आहे. पण पोळ्याला मी स्वतः बैलांना नदीवर धुवायला नेलं, आणि दुसऱ्या दिवशी उठलो तेव्हा अंग माझं होतं.

आता जे सांगतो ते मी फारसं कुणाला सांगितलेलं नाही. १९९८ साली दहावीतला एक मुलगा माझ्याकडे आला. लांब उडीत जिल्ह्याला जाणारा. महिनाभरापूर्वी तापाने पडून उठलेला. म्हणाला, सर, पाय जड वाटतात. मी त्याला तीन फेऱ्या जास्त मारायला लावल्या. म्हटलं, जड वाटतात तर हलके कर. तो मारत राहिला. तिसऱ्या फेरीत बसला. पुढे त्याने मैदान सोडलंच.

तुला वाटेल, सर स्वतः यातून गेले होते, मग असं कसं केलं? मलाही वाटतं. तेव्हा माझ्या हाताखाली ऐंशी पोरं होती, त्यातली निम्मी खरोखर अंगचोर, आणि शिक्षकाला दिवसातून दहा वेळा खोटं दुखणं ऐकावं लागतं. पण खरं कारण ते नव्हे. मी स्वतःबद्दल सगळ्यांना सांगत आलो होतो की मी मनाच्या जोरावर उठलो. ते खोटं होतं. मला आजोबांच्या खाटेने उठवलं होतं. हे कबूल करायला लाज वाटत होती, आणि त्या लाजेपायी मी एका पोराच्या पायातलं बळ घालवलं. तो आता भुसावळला नोकरीला आहे, भेटला की वाकून नमस्कार करतो. मला त्याच्या डोळ्यांत बघवत नाही. म्हणून तुझ्या बाबतीत मी हट्टाला पेटलोय, हे समजून घे. तू कंटाळशील इतक्यांदा सांगणार आहे.

एक शंभर पानी वही घे. रोज तीन ओळी लिही. काय केलं, किती वेळ केलं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग कसं होतं. दोन आठवड्यांत तुला तुझा आकडा सापडेल, की एवढं केलं तर परवा त्रास होत नाही. तो आकडा पंधरा मिनिटं चालणं असेल तर तू दहाच चालायचं. बऱ्या दिवशीसुद्धा दहाच. खरी परीक्षा बऱ्या दिवशीच असते. वाईट दिवशी तर कुणीही झोपतं.

अभ्यास वीस मिनिटं, मग आडवं पडणं, डोळे मिटून. मोबाइल बघणं म्हणजे विश्रांती नव्हे, हे मी तुला मैदानावरही सांगितलं होतं आणि तू मान डोलावून परत मोबाइल काढलास. डोक्याचा थकवा आणि पायाचा थकवा एकाच मडक्यातून पाणी काढतात. ज्या दिवशी कॉलेजला जाऊन आलीस त्या दिवशी संध्याकाळचा अभ्यास वगळ.

दिवसभर अंथरुणात पडून राहायचं असाही याचा अर्थ घेऊ नकोस. नुसतं पडून स्नायू जातात, रात्रीची झोप जाते. सकाळी एका ठरावीक वेळी ऊठ, दुपारी अर्धा तास पड, उन्हं कलल्यावर अंगणात बस. उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणालीस ना? मग पाणी जास्त पी, डॉक्टरांना विचारून मीठ-लिंबाचं सरबत घे, अंघोळ पाटावर बसून कर, आणि खाटेवरून उठताना आधी दोन मिनिटं पाय खाली सोडून बस. आणि वाढवायचं ते आठवडाभर एकसारखं गेल्यावरच, तेही चिमूटभर. त्रास झाला तर मागे ये. वेळापत्रक लावून दर आठवड्याला व्यायाम वाढवत नेण्याचा उपाय पूर्वी डॉक्टरच सांगायचे. ज्यांचा थकवा वर्षानुवर्षं टिकतो आणि श्रमानंतर बळावतो, त्यांच्यासाठी ब्रिटनने २०२१ च्या नव्या मार्गदर्शक सूचनांत तो काढून टाकला. माझ्या आजोबांना हे पाऊणशे वर्षांपूर्वी ठाऊक होतं.

ताकदीचं सलाईन लावून घेऊ नकोस. स्टँडसमोर कुणी लावून देतो म्हणून जाऊ नकोस. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही, आणि सलाईनमध्ये मीठ-साखरेच्या पाण्यापलीकडे फार काही नसतं. त्यापेक्षा त्या पैशात एकदा हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ बघून घे. आपल्याकडच्या मुलींमध्ये रक्त कमी असतं, ते या थकव्याच्या आड लपून बसतं. आणि हे पाठ करून ठेव. डाव्या बरगडीखाली एकदम दुखलं किंवा डाव्या खांद्यात कळ गेली तर तडक दवाखाना, रात्र असली तरी. संध्याकाळचा ताप परत सुरू झाला, वजन उतरायला लागलं, रात्री घामाने अंथरूण भिजलं, गाठी बसल्याच नाहीत, तर मोनोच असेल म्हणून घरी थांबू नकोस. आपल्या भागात टीबी आहे, तो तपासून घ्यावाच लागतो. आणि नुसतं अंगच नाही, मनच उठेनासं झालं, जगण्यात काही राहिलं नाही असं वाटलं, तर तेही डॉक्टरांना सांगायचं दुखणं आहे. तसं वाटलं तर रात्री दोनलाही मला फोन कर.

तुझ्या मावसबहिणीने मोबाइलवर वाचलं की हा चुंबनाचा रोग, आणि घरात कुजबुज सुरू झाली, हे मायने मला दबक्या आवाजात सांगितलं. ऐकून माझं डोकं सणकलं. थुंकीतून पसरतो, एवढाच त्याचा अर्थ. होस्टेलवर सहा मुली एका बाटलीला तोंड लावतात, एका ताटात जेवतात, तेवढं पुरतं. लागण झाल्यावर ताप यायला चार ते सहा आठवडे जातात, त्यामुळे कुणाकडून आला ते सांगताही येत नाही. आणि आता घरात तुझं ताट-वाटी वेगळं ठेवलंय ते बंद करायला सांग. घरातल्या मोठ्यांना तो बहुतेक कधीच होऊन गेलाय. मुलीचा आजार निस्तरायचा सोडून तिची अब्रू तपासत बसणाऱ्यांना मी माझ्या ओट्यावर बसू देत नाही.

तुझे वडील गप्प असतात, पण त्यांची घाई मला दिसते. त्यांना एवढं विचार. पौषाच्या थंडीत केळीला चरका बसतो, पोंगा अडकतो, पान बाहेर येत नाही. तेव्हा ते दुप्पट युरिया टाकतात का? मुळंच घेत नाहीत हे त्यांना माहीत असतं. रात्री पाणी देतात, बांधावर धूर करतात, आणि ऊब यायची वाट बघतात. केळीची वाट बघता येते, तर पोरीचीही येईल.

भरतीचं तू विचारलं नाहीस, पण तुझ्या बुटांनी विचारलं. आठशे मीटर तू तीन मिनिटांच्या आत काढत होतीस, मीच घड्याळ धरलं होतं, ते मी विसरलेलो नाही. ही भरती सोड. मला माहीत आहे मी काय म्हणतोय. तुझं वय एकोणीस आहे, वयोमर्यादेला अजून बरीच वर्षं आहेत. मी एक निवड चाचणी सोडली नाही आणि त्यापायी दीड वर्ष आणि सगळी कबड्डी दिली. मैत्रिणी पुढे जातील, त्यांच्या वर्दीतले फोटो तुला दिसतील, घशात आवंढा येईल. येऊ दे. लेखी परीक्षेचा अभ्यास वीस-वीस मिनिटांनी चालू ठेव, पळणं मी सांगेन तेव्हा. तू रागावशील माझ्यावर. आजोबांवर मीही रागावलो होतो.

पंधरा दिवसांनी रविवारी ये, वही घेऊन. बूट घरी ठेव. सायकलवर येऊ नकोस, एस.टी.ने ये, आणि बसायला जागा नसेल तर ती गाडी सोडून दुसरी घे. स्टँडपासून माझं घर अर्धा मैल आहे. ते चालायचं नाही, मी गाडी घेऊन उभा असेन. मायलाही आण, तिच्याशी मला बोलायचंय.

तुझा,
सर