१०८ वर नोकरी पक्की म्हणतात, फी भरू का?

प्रश्न : ताई, मी बारावी सायन्स झाले, नीटमध्ये काही जमलं नाही. इथे एका इन्स्टिट्यूटमध्ये सहा महिन्यांचा ईएमटी (इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन, म्हणजे ॲम्ब्युलन्समध्ये पेशंटला सांभाळणारा) कोर्स आहे, ते म्हणतात पास झालं की १०८ ॲम्ब्युलन्सवर नोकरी पक्की. पप्पा म्हणतात आधी चौकशी कर. काय करू? – एक वाचक, कराड

उत्तर : पप्पांचं ऐक, थांब जरा. इन्स्टिट्यूटवाल्यांना आधी हे विचार की आपल्या १०८ मध्ये पेशंटजवळ बसतं कोण. महाराष्ट्रात २०१४ ला ही सेवा सुरू झाली ती गाडीत डॉक्टर ठेवूनच, बरेचदा बीएएमएस झालेला, आणि पुढे ड्रायव्हर. गोव्यात १०८ वर ईएमटी असतात, तिथलं चित्र दाखवून इकडे ॲडमिशन घेतात काहीजण. मग ईएमटीला कामच नाही का, तर आहे ना, खाजगी हॉस्पिटलच्या कार्डियाक ॲम्ब्युलन्स, कॅज्युअल्टी, मोठ्या कंपन्यांचे मेडिकल सेंटर. पण सुरुवातीचा पगार बेताचा आणि नाइट ड्युटी हमखास, हे घरी आत्ताच सांगून ठेव.

आता कोर्स. सर्टिफिकेट कोणाचं ते बघच, कारण २०२१ च्या अलाइड हेल्थकेअर (डॉक्टर-नर्स सोडून इतर आरोग्य कामं करणाऱ्यांच्या) कायद्यात हे कामही आलंय, पुढे मान्यता विचारली जाणारच. पण मला विचारशील तर खरी गोष्ट म्हणजे प्रॅक्टिकल किती होतं. सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलेल्याला छाती दाबून आणि श्वास देऊन जगवायचा प्रयत्न, नोट्स वाचून येत नाही गं, मिनिटाला १०० ते १२० वेळा छाती दाबायची, मोठ्या माणसाची निदान ५ सेंटीमीटर खाली गेली पाहिजे, ३० दाब झाले की २ श्वास, आणि यात इतका दम लागतो की साधारण दोन मिनिटांनी दाबणारा बदलावा लागतो. एका पुतळ्यामागे चाळीस पोरं असतील तर तुझा नंबर कधी येणार? ॲक्सिडेंटवाल्याची मान न हलवता त्याला बोर्डवर घेणं, ऑक्सिजन लावणं, सक्शन म्हणजे घशात अडकलेलं मशीनने ओढून काढणं, हे सगळं असंच, हाताला सवय व्हावी लागते. म्हणून कॅज्युअल्टीत आणि गाडीवर किती तास पोस्टिंग, कुठल्या हॉस्पिटलला, ते लेखी घे, तोंडी नको. वेळ आणि पैसे जमत असतील तर याची तीन वर्षं अधिक इंटर्नशिप अशी डिग्रीपण असते, तीही बघून ठेव.

आणि मागच्या बॅचच्या दोघातिघांना फोन लाव, कुठे लागलेत ते विचार. नंबर द्यायलाच टाळाटाळ झाली तर फी भरू नकोस.